डावीकडची ओढ

वडील गेल्यानंतर मला त्यांची गाडी मिळाली आणि आईचे रविवार मिळाले. दोन्ही मी मागितले नव्हते. पण नको म्हणण्याइतकंही त्या दिवसांत माझ्या मनात काही उमटत नव्हतं, म्हणून घेतले.

गाडी जुनी होती. काळी, गोल पाठीची, गियरचा दांडा स्टिअरिंगलाच असलेली. वडील एका गिरणीच्या मॅनेजरकडे ड्रायव्हर होते. सगळा जन्म त्यांनी दुसऱ्याच्या गाड्या पुसण्यात आणि चालवण्यात काढला. पुढे गिरणी बंद पडली, मॅनेजर मुंबई सोडून गेले आणि जाताना ही गाडी वडिलांच्या नावावर करून गेले. ड्रायव्हरकडे स्वतःची गाडी, हे बोरिवलीच्या आमच्या इमारतीत कौतुकाचं होतं आणि थोडं थट्टेचंही. शेजारी विचारायचे, आता मागे कोण बसणार? पहिल्या दिवशी वडिलांनी गंमत म्हणून आईसाठी मागचं दार उघडून धरलं, सलामसुद्धा ठोकला. ती म्हणाली, मागे मालक बसतात, मी तुमची बायको आहे. आणि वळसा घालून पुढे, डावीकडे जाऊन बसली. तिथेच ती शेवटपर्यंत बसली.

दर रविवारी संध्याकाळी ते तिला जुहूला न्यायचे. त्या वेळी टीव्हीवर सिनेमा असायचा, सगळी मुंबई घरात, रस्ते मोकळे. समुद्राकडे तोंड करून गाडी लावायची, काचा खाली करायच्या, शेंगदाण्याची एक पुडी दोघांत खायची. उतरायचं नाही, कारण चपलेत वाळू गेलेली आईला खपत नसे. अंधार पडला की परत. गुडघ्यांमुळे तिला बसची पायरी चढवत नव्हती. तेव्हा बाहेरची हवा लागायची ती आठवड्यातून एवढीच.

वडील मे महिन्यात झोपेतच गेले. मी तेव्हा मुलुंडला राहत होतो, माझ्या बायकोमुलांसह. शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला. मी बोरिवलीला गेलो आणि जे जे करायचं असतं ते सगळं केलं. मडकं धरलं, दिवस केले, तेराव्याला पंगतीत पाणी वाढलं. आलेल्यांपैकी कुणीतरी म्हणालं, मुलगा खंबीर आहे हो. मी खंबीर नव्हतो. मला काही वाटतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई टोचल्यावर गाल आपलाच असतो, पण हात लावला तर दुसऱ्याचा वाटतो, तसं ते होतं. बायको एकदा म्हणाली, एकदाचं रडून घ्या. मी बाथरूममध्ये जाऊन प्रयत्नही केला. नळ सोडला, आरशात पाहिलं, तोंड धुऊन बाहेर आलो. ह्याची मला लाज वाटायला हवी होती. पण लाजसुद्धा 'वाटायला हवी' एवढीच वाटत होती.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी आईकडे गेलो तर ती बाहेर जायचं लुगडं नेसून, पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसलेली. मी विचारलं, कुठे निघालीस? ती म्हणाली, "रविवार आहे."

मला लायसन्स होतं. वडिलांनीच हट्टानं काढायला लावलेलं. चालवण्याची सवय मात्र नव्हती. ह्या घरात गाडी चालवणारा एकच, असं मी लहानपणापासून धरून चाललो होतो. त्या दिवशी घाबरत घाबरत तिला जुहूला नेलं. समुद्रासमोर बसून तिनं पुडीतले अर्धे दाणे माझ्या हातावर ओतले. मी खाल्ले. त्यानंतर गाडी मुलुंडला आणून ठेवली आणि दर रविवारी पवईच्या रस्त्यानं हायवेला लागून बोरिवली, तिथून आईला घेऊन जुहू, पुन्हा बोरिवली, पुन्हा मुलुंड, अशी फेरी सुरू झाली. रविवारी घरी परतलो की माझा उजवा खांदा भरून आलेला असायचा. बायको म्हणायची, वय झालं तुमचं. मला ते पटायचं.

पावसाळ्यात एकदा पंक्चर काढायला थांबलो. त्या माणसानं डावीकडचं पुढचं चाक उतरवलं आणि माझ्यासमोर आडवं धरलं. टायरची बाहेरची कड पार गुळगुळीत झाली होती, आणि आतल्या बाजूची नक्षी मात्र जवळजवळ नव्यासारखी. अर्ध्या डोक्याला टक्कल पडावं आणि अर्ध्यावर दाट केस असावेत, तसं ते दिसत होतं. मी नवा टायर घातला. तेवढ्यानं भागेल असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी त्यावर विचारच केला नाही. नवरात्रापर्यंत त्या नव्या टायरचीही बाहेरची कड गेली.

तेव्हा मी दिंडोशीला हायवेच्या कडेला असलेल्या एका गॅरेजमध्ये गेलो. गॅरेजचा मालक आमच्याच बाजूचा, मालवणकडचा. आमच्या गावाला लागून त्याचं गाव. वडिलांना तो चांगला ओळखायचा. मला साहेब म्हणायचा, कारण मी ऑफिसात होतो, आणि म्हणताना त्या शब्दाला हलकासा चिमटा काढायचा. चाक बघून त्यानं मान हलवली. "गाडी टायर खाता तुमची, साहेब."

हा माणूस तोंडाचा वस्ताद होता, कामाचा तेवढा नव्हता. आधी म्हणाला हवा कमी असेल. मी सांगितलं, हवा कमी असती तर दोन्ही कडा सारख्या गेल्या असत्या, असं पंक्चरवाला म्हणाला. मग पंक्चरवाल्याकडेच जावा, असं म्हणून तो रुसला. थोड्या वेळानं रुसवा काढून त्यानं डावीकडचा टायर उजवीकडे आणि उजवीकडचा डावीकडे बसवला, म्हणाला आता समान खाईल. टायरवर तळहात कसा फिरवायचा तेवढं मात्र त्यानं मला शिकवलं. बाहेरून आत फिरवायचा, मग आतून बाहेर. जिथे हाताला धार लागते तिथे चाक रस्त्यावर नुसतं फिरत नाही, घासत जातं. मी हात फिरवला. धार लागली. बऱ्याच दिवसांनी माझ्या हाताला काहीतरी लागलं, असं मनात येऊन गेलं.

निघताना त्यानं विचारलं, गाडीला ओढ आसा काय? म्हणजे स्टिअरिंग सोडलं तर गाडी एखाद्या बाजूला जाते का. मी नाही म्हणालो.

मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच जाणवत नव्हतं. तसं पाहिलं तर ओढ हा आमच्या घरातला रोजचा शब्द. आईला माहेरची ओढ होती, वडिलांना गावच्या आंब्याच्या कलमांची. माझ्या मुलीला आजोबांची. ओढ आहे का, असं त्या वर्षी मला कशाहीबद्दल विचारलं असतं, तरी मी नाहीच म्हणालो असतो. गॅरेजवाल्यानं माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि तो प्रश्न तिथेच सोडला.

महिनाभरात उजवीकडचा जो टायर डावीकडे आला होता त्याची कड गेली. आत धागे दिसायला लागले. मी पुन्हा दिंडोशीला गेलो तेव्हा गॅरेजवाल्याची थट्टा थांबली होती. तो म्हणाला, हायवेवर वेगात असताना हा फुटला तर गाडी तुमच्या हातात राहणार नाही. काकींना घेऊन फिरता तुम्ही. गाडी बंद ठेवा.

आता जे सांगतो ते सांगायला मला आवडत नाही. हे ऐकल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. इतक्या महिन्यांत मला काही वाटलं असेल तर ते एवढंच. आता पवईचा रस्ता नाही, जुहू नाही, ते दाणे नाहीत, तिच्या शेजारी गप्प बसणं नाही. कारणही असं की कुणी बोट ठेवणार नाही. आईच्या जिवाची काळजी. मी तिला सांगितलं की गाडी धोक्याची आहे, चालवायची नाही. ती "बरं" म्हणाली.

पुढच्या रविवारी मी बसनं गेलो. ती बाहेर जायचं लुगडं नेसून, मांडीवर पर्स घेऊन खुर्चीत बसलेली. मी म्हणालो, आई, गाडी नाही. ती म्हणाली, माहीत आहे. मग? तर म्हणाली, सवय आहे. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. तिसऱ्या रविवारी मात्र ती घरातल्या साध्या लुगड्यात होती, आणि सकाळचा भात तसाच झाकलेला होता. शेजारच्या बाईंनी मला जिन्यात गाठून हळू आवाजात सांगितलं की हल्ली काकू गॅलरीतसुद्धा येत नाहीत.

तेव्हा मला कळलं की हा प्रश्न टायरचा नाही. गाडी नीट झाली नाही तर ती त्या खुर्चीतून उठणार नाही. वडिलांचं मला काही करता आलं नव्हतं. आईला मी नुसतं 'बरं' म्हणायला लावून घरात बसवलं होतं. ते बोचायला हवं होतं. पुरतं बोचलं नाही. पण काय करायला हवं, ते दिसलं. मी मागच्या डिकीतलं राखीव चाक पुढे लावलं आणि पुढच्या रविवारी सकाळी गाडी हळूहळू चालवत बोरिवलीला नेली. आईला म्हणालो, गाडी दिंडोशीला दाखवून आणतो, तू बस. ती म्हणाली, मी येते. गॅरेजमध्ये तुझं काय काम, असं विचारलं तर चपला घालायला लागली.

गॅरेज रविवारी अर्धा दिवस उघडं असे. मागे नव्या वसाहतीच्या इमारतींचं बांधकाम चालू होतं, सगळीकडे सिमेंटची धूळ. गॅरेजवाला एका टॅक्सीखाली होता. त्यानं खालूनच हात दाखवून गाडी सपाट जागेवर सरळ उभी करायला सांगितलं. मी केली. आई तिच्या जागेवर दार उघडं टाकून बसली. बसल्या बसल्या तिनं पर्समधून एक जुनं फडकं काढलं, माझ्याकडून त्यावर पाणी घालून घेतलं आणि गाडी आतून पुसायला लागली. त्या वर्षी घरात दुःख असल्यामुळे आम्ही दसऱ्याला गाडीची पूजा केली नव्हती. म्हणाली, पूजा नाही तर नाही, निदान पुसली तरी पाहिजे ना.

दसऱ्याची पूजा हे वडिलांचं स्वतःचं काम होतं. गाडी धुवायची, झेंडूची माळ पुढच्या जाळीला, चाकांना हळदकुंकू, आणि सगळ्यात शेवटी स्टिअरिंगच्या कड्यावर, अगदी वरच्या मध्यावर, एक बोट. त्यासाठी ते गाडी थोडी पुढेमागे करून चाकं सरळ करून घ्यायचे. लहानपणी मालकाच्या गाडीचं करतानाही मी पाहिलं होतं. ते म्हणायचे, कुंकू कपाळाच्या मध्यावर लावतात, भुवईवर नाही.

आमच्या गाडीचं स्टिअरिंग हस्तिदंती रंगाचं होतं. हळदकुंकवाचे डाग त्यात मुरले होते. आई ते घासत होती आणि घासता घासता थांबली.

"हे दोन आहेत रे," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. खरंच दोन डाग होते. एक जुना, गडद, वर्षानुवर्षं त्याच जागी बोट लागून जवळजवळ तपकिरी झालेला. दुसरा फिकट, नवा, त्याच्यापासून दोन बोटं डावीकडे. गाडी सरळ उभी होती तेव्हा फिकट डाग बरोबर वर मध्यावर होता. जुना डाग उजवीकडे कलला होता.

मी म्हणालो, म्हातारपणी बोट चुकलं असेल बाबांचं.

"ह्यांचं बोट चुकायचं नाही," आई म्हणाली. ती त्या दोन डागांकडे बघत राहिली आणि मग तिनं फडक्याची घडी केली. घडी करून झाल्यावर ती उलगडली आणि पुन्हा केली.

गॅरेजवाला हात पुसत आला. मी त्याला डाग दाखवले ते आपलं बोलायचं म्हणून. तो मात्र बघतच राहिला. आईला नमस्कार केला, गाडीला एक फेरी मारली, खिडकीतून आत हात घालून स्टिअरिंग हलवून पाहिलं. म्हणाला, चाकं सरळ असताना स्टिअरिंग वाकडं उभं राहतं. म्हणजे पहिलं कुंकू लावलं तेव्हा गाडी नीट होती आणि दुसरं लावलं तेव्हा नव्हती. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, ओढ आसा. तुमी नाय म्हणालात."

तो मागच्या बांधकामावर गेला आणि गवंड्याचा ओळंबा मागून आणला. भिंत सरळ आहे का हे पाहायला दोरीला बांधलेला लोखंडी लट्टू असतो तो. चाकाच्या वरच्या कडेला दोरी टेकवून त्यानं लट्टू खाली सोडला. उजव्या चाकाला दोरी खालपर्यंत जवळजवळ चिकटून राहिली. डाव्या चाकाच्या खालच्या कडेपासून ती दूर लोंबत राहिली, मध्ये दोन बोटं सहज जातील एवढी. चाक वरून बाहेर आणि खालून आत कललं होतं. साध्या डोळ्यांना ते दिसत नव्हतं. चाक असं कललं की ते बाहेरच्या कडेवर चालतं आणि गाडी त्या बाजूला ओढली जाते, हे त्यानं मला समजावलं. चाक धरून ठेवणारा आतला लोखंडी आर्म वाकला असणार, असं तो म्हणाला. आणि तो आपोआप वाकत नाही. गाडी कुठेतरी जोरात आपटली असली पाहिजे.

"कधी आपटलात, सांगा."

मी शपथेवर सांगितलं की नाही. तो हसला. म्हणाला, मग काय तुमच्या वडलांनी आपटली? अहो, त्या माणसानं तीस वर्षांत फुटपाथाक चाक लावलेलं नाय.

"ह्यांनीच," आई म्हणाली. "वाकोल्याला."

तिनं सांगितलं ते एकदम सांगितलं, आणि फडक्याची घडी करत करत सांगितलं. काही वर्षांपूर्वी वडिलांच्या छातीत भरून यायला लागलं होतं. वाकोल्याला एका डॉक्टरकडे दोघं गेली. डॉक्टरनं तपासलं, काळीज मोठं झालंय म्हणून सांगितलं, कधी काय होईल सांगता येत नाही, गाडी चालवणं आजपासून बंद. दोघं बाहेर आली. वडील गाडीत बसले, किल्ली लावली, गाडी सुरू केली. आणि पहिल्याच वळणावर डावं चाक फुटपाथाच्या कडेवर आदळलं. वर चढून पुन्हा खाली आलं. भाजीवाली टोपली सोडून बाजूला पळाली. कुणाला लागलं नाही. वडील दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. मग त्यांनी गाडी मागे घेतली आणि घरी न जाता तिला जुहूला नेलं. तो रविवार नव्हता.

जुहूला त्यांनी तिच्याकडून कबूल करून घेतलं की हे कुणालाही सांगायचं नाही. दुरुस्तीला टाकायची तर कुठे आपटली हे गॅरेजवाला विचारणार. गॅरेजवाला गावचा. त्याला कळलं की गावाला कळणार, आणि गावाला कळलं की गाव पत्रं लिहिणार, मुलुंडला माझ्या घरी. एवढ्यासाठी त्यांनी गाडी तशीच ठेवली. कुणी उठायच्या आत पहाटे खाली जाऊन ते दर दोन-तीन महिन्यांनी चाकांची अदलाबदल करायचे, म्हणजे कड गेलेली दिसू नये. गाडी डावीकडे ओढायची ती उजव्या हातानं धरून ठेवायचे. रात्री ती त्यांच्या खांद्याला तेल चोळायची.

गॅरेजवाला जमिनीकडे बघत होता.

मी आईला विचारलं, डॉक्टरनं एवढं सांगितल्यावरही तू त्यांच्याशेजारी बसायचीस?

"मग काय एकट्याला सोडू?"

ती हे असं म्हणाली जसं मी काहीतरी भलतंच विचारलं होतं. मग मी आणखी एक विचारलं. न विचारता राहवलं नाही. "मला का नाही सांगितलंत?"

राग नव्हता तिच्या आवाजात. "तू गाडी बंद करायला लावली असतीस," ती म्हणाली. "आणि आपलं काम झालं म्हणून मुलुंडला गेला असतास."

महिन्यापूर्वी मी हेच तर केलं होतं. गॅरेजवाला पुटपुटला की चहा मागवतो, आणि निघून गेला. चहा आला. आम्ही दोघांनी तो उभ्या उभ्या प्यायला, आईनं बसून.

मला वाटलं होतं की ह्या क्षणी तरी माझ्यात काही फुटेल. तसं काही झालं नाही. मी कप धुऊन ठेवला. एक मात्र झालं. वडील माझ्यापासून लपवत होते, म्हणजे इतकी वर्षं ते माझा विचार करत होते, हे माझ्या लक्षात आलं. त्यांनी ज्याच्यापासून लपवलं तो माणूस मला ओळखू येत होता. ते त्याच्याबद्दल चुकले नव्हते.

आर्म बदलायला पुढचे काही दिवस गेले. मी ऑफिस सुटल्यावर एकदा जाऊन पाहिलं. गॅरेजवाल्यानं जुना आर्म काढून जमिनीवर ठेवला होता. मला तो सरळच दिसत होता. त्यानं शेजारी नवा ठेवला तेव्हा कुठे जुन्याचा बाक दिसला, अगदी थोडासा. एवढ्याशा बाकानं किती टायर खाल्ले, असं मी म्हणालो. तो म्हणाला, टायरांचं सोडा साहेब. चाकं बसवल्यावर त्यानं पुन्हा ओळंबा लावला. दोन्हीकडे दोरी सारखी राहिली. स्टिअरिंग सरळ केलं आणि मला बोलावून दाखवलं. जुना, तपकिरी डाग वर मध्यावर आला होता. ह्या कामाबद्दल गावात बोलणार नाही, असं त्यानं मी न विचारता सांगितलं, आणि माझी खात्री आहे की तो बोलला नाही.

रविवारी मी बोरिवलीला पोहोचलो तेव्हा आई खाली, इमारतीच्या दाराशी उभी होती. गाडी झाली एवढंच मी शेजाऱ्यांच्या फोनवर कळवलं होतं, वेळ सांगितली नव्हती. शेजारच्या बाई वर गॅलरीतून बघत होत्या. ती बसली, दार ओढून घेतलं, पर्स मांडीवर ठेवली.

हायवे मोकळा होता. गोरेगावच्या अलीकडे मागून एका ट्रकनं कर्कश हॉर्न दिला. मी दचकून पाहिलं तर गाडी सरकत सरकत रस्त्याच्या मधल्या पट्ट्याला लागायला आली होती. मी डावीकडे घेतली. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मला गॅरेजवाल्याचा संताप आला. वाकडी होती ती सरळ करता करता ह्यानं उलट्या बाजूला वाकडी करून ठेवली, असं मी मोठ्यानं म्हणालोही.

आई माझ्या हाताकडे बघत होती. ह्या जागेवर बसून तिनं किती वर्षं एक हात पाहिला असेल.

"गाडी नीट आहे," ती म्हणाली. "ती आता ओढत नाही. तूच ओढतोयस."

मी पाहिलं. उजव्या हाताची बोटं स्टिअरिंगला घट्ट आवळलेली होती, कोपरापासून खांद्यापर्यंत सगळा हात ताणलेला, जे आता नव्हतं त्याच्याविरुद्ध. मला ह्यातलं काहीही जाणवत नव्हतं. मी एक एक बोट सैल केलं. गाडी सरळ चालली. जुहूपर्यंत मला हात अनेकदा असा सैल करावा लागला, पुन्हा पुन्हा तो आपोआप आवळायचा. आई तेवढ्यापुरतं "हात," म्हणायची आणि पुन्हा बाहेर बघायची.

समुद्रासमोर गाडी लावली. काचा खाली केल्या. तिनं पुडी सोडली, अर्धे दाणे माझ्या हातावर ओतले, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "खांदा दुखतो का रे?"

आजवर कुणीही काही विचारलं की माझ्या तोंडून नाही हेच निघायचं. तोंड उघडलं तेही त्याच शब्दासाठी.

"दुखतो," मी म्हणालो.

"घरी चल. तेल लावते."

तिनं साल फुंकून खिडकीबाहेर उडवलं. अंधार पडेपर्यंत आम्ही बसलो. बोरिवलीला परतल्यावर त्या रात्री मी गाडी मुलुंडकडे वळवली नाही.